बाईंच्या दुसऱ्या चपला

गजभियेबाईंकडे चपलांचे दोन जोड होते. एक काळा, कामठीहून येण्या-जाण्याचा. दुसरा तपकिरी, रबरी, टाचेकडे झिजलेला. तो बेघरांच्या निवाऱ्याच्या दारात असे आणि बाई तो कधीच घालत नसत. संध्याकाळी सातच्या सुमाराला घरी निघताना त्या काळ्या चपला हातात घेऊन अनवाणी मागच्या दारानं बाहेर पडत, फाटकापाशी त्या पायात घालत आणि शेअर ऑटोसाठी चौकाकडे चालू लागत. पुढच्या दारात तपकिरी जोड तसाच राही.

हे सगळं मैनाबाईसाठी. मैनाबाई निवाऱ्यातली सगळ्यात जुनी बाई. वय साठीच्या पुढं, गाव माहीत नाही, नातेवाईक माहीत नाहीत. दवाखान्यातून कुणीतरी रिक्षात घालून आणून सोडलेली. दाराजवळची खाट तिची. अंधार पडू लागला की बाई सोडून गेली की काय, अशी तिला भीती वाटायची. मग ती दारापर्यंत येऊन वाकून पाही. चपला दिसल्या की "बाई आहे" असं स्वतःशीच म्हणे, परत जाऊन अंग टाकी. ही फसवणूक नाही का, असं मी एकदा बाईंना विचारलं.

"फसवनूकच होय," त्या म्हणाल्या. "तुह्याजवळ दुसरं काही असन त सांग."

माझ्याजवळ नव्हतं. माझ्याजवळ पत्रकं होती.

मी पत्रकांतच वाढले. बाबा कामगार संघटनेत. आमच्या घरी शाळेच्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, फळीवर अंथरलेला कागद पत्रकांचा, आणि जेवताना भांडणंही पत्रकातल्या वाक्यांवरून. त्यामुळं नागपुरात बेघरांसाठी निवारे आहेत, त्यांना सरकारी अनुदान मिळतं आणि ते कधीच वेळेवर येत नाही, हे कळल्यावर मी आधी पत्रक लिहिलं आणि मग निवारा पाहायला गेले. बंद पडलेली शाळा, चार वर्ग, चाळीस लोखंडी खाटा. एक छोटी संस्था तो चालवायची आणि गजभियेबाई तिथल्या व्यवस्थापक होत्या.

बाईंनी दोरीला अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझं पत्रक उभ्यानंच शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मी कौतुकाची वाट पाहत होते.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "एकाच बाजूनं छापलं, हे लय चांगलं केलं पोरी."

त्याचा अर्थ मला चार दिवसांनी कळला. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी सुतळीनं एकेक पत्रक टांगलेलं होतं, उलटं. कोऱ्या बाजूवर बाईंच्या मोठ्या अक्षरात कुणाची कोणती गोळी, कधी, जेवणाआधी की नंतर. "निवारा ही भीक नव्हे, हक्क आहे" हे माझं वाक्य भिंतीकडं तोंड करून लटकत होतं. मी आठवडाभर फुरंगटून होते. मग लक्षात आलं की मी छापलेल्या ज्या कागदाकडं माणसं रोज न चुकता पाहतात, असा हा पहिलाच.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, रुंद हाडाच्या. त्यांचे वडील कामठीला पॉवरलूमवर विणकर होते. त्या आवाजात वाढल्यामुळं असेल, बाई बोलायच्या मोठ्यानं आणि ऐकायच्या तोंडाकडं बघून. काळजी वाटू लागली की त्या बटणं लावायला बसत. निवाऱ्यातल्या कुणाचाही शर्ट ओढून घ्यायच्या, सुई-दोरा काढायच्या. ज्या आठवड्यात सगळ्यांच्या शर्टांना सगळी बटणं दिसतील, तो आठवडा वाईट चालला आहे असं समजावं.

"बेघर" हा शब्द त्यांना चालत नसे. त्या म्हणायच्या "मुक्कामी". आज किती मुक्कामी जेवले, नवा मुक्कामी कुठं झोपला. मी त्यांना सांगायला गेले की कायद्याच्या भाषेत बेघर म्हणणंच योग्य आहे, नाहीतर प्रश्नाची धार जाते. त्या म्हणाल्या, धार तुह्या पत्रकात ठेव, इथं लोकं झोपते.

नवीन माणूस आला की सरकारी अर्ज भरावा लागायचा. त्यात एक चौकट होती, "बेघर होण्याचे कारण". एक ओळ. बाई ती कोरी सोडत. वरून विचारणा झाली तेव्हा त्यांनी साहेबांना फोनवरच सांगितलं, की एका ओळीत बसन असं कारण असतं तर मानूस घरीच राह्यला असता. त्यांचे स्वतःचे प्रश्न तीनच होते: कुठं दुखते, कोनाची भीती वाटते, आणि सकाळी किती वाजता निघा लागते. तिसरा प्रश्न ऐकून नवी माणसं चमकून बघायची. फुटपाथवर झोपणाऱ्याला सकाळी कामावर जायचं असतं, हे त्यांना आजवर कुणी धरूनच चाललं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. शहरातले इतर निवारे माणसं निवडून घ्यायचे. धडधाकट, कमावते, दारू न पिणारे, आधार कार्ड असलेले. अशी माणसं वर्षानुवर्षं राहतात, त्रास देत नाहीत, खाटा भरलेल्या दिसतात. आजारी, भ्रमिष्ट, जखमेत किडे पडलेली माणसं फिरत फिरत गजभियेबाईंकडं यायची. अनुदान मात्र सगळ्यांना सारखंच, खाटेमागं. "सोप्या मानसालेही तेवढेच अन् अवघड मानसालेही तेवढेच," बाई म्हणायच्या. "मंग अवघड मानूस कोन घेईन?" त्या घ्यायच्या. पण हे सांगताना त्यांच्या स्वरात फुशारकी नसे. उलट धाकधूक असे, कारण पुढचं औषध कुठून आणायचं हे ठरलेलं नसायचं.

त्यांचा एकच कडक नियम होता: मुक्कामी माणसाला कुणी आपल्या घरी न्यायचं नाही. एकदा एक भला तरुण मैनाबाईला घरी घेऊन जायला निघाला. आमच्याकडं जागा आहे, आई एकटीच असते, असं म्हणाला. बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. मला तो निष्ठुरपणा वाटला. त्या म्हणाल्या, "तू नेशीन, मी नेईन, मंग साहेब म्हनन, लोकं चांगले आहेत, पैशाची गरज काय आहे? हे आपलं काम नाही वं. हे सरकारचं काम होय. आपलं काम त्याले ते करा लावायचं." माझ्या सगळ्या पत्रकांचं सार त्या दोन-तीन वाक्यांत होतं. मी ते घरी जाऊन लिहून ठेवलं.

आता कडीची गोष्ट सांगते.

देवराव लग्नाच्या हॉलवर भांडी घासायचा. काम रोज मिळायचं, पण खोलीच्या डिपॉझिटला एकरकमी पैसे जमायचे नाहीत, म्हणून अकरा महिने बसस्टँडच्या भिंतीला टेकून झोपला. निवाऱ्यात आल्यावर बाईंनी त्याच्यासाठी शहराच्या कडेला बेसाकडं खोली शोधली. डिपॉझिट एका निवृत्त शिक्षकांनी भरलं. खोली बघायला बाईंबरोबर मीही गेले. बाईंनी नळ पाहिला नाही, खिडकी पाहिली नाही. देवरावला आत उभं केलं, आतून कडी लावायला सांगितली, आणि बाहेरून खांद्यानं दार ढकललं. दुसऱ्या धक्क्याला कडी खिळ्यांसकट निघून आली.

घरमालक चिडला. पुरुषमाणसाला कडीचं एवढं काय, म्हणाला.

"काहून? पुरुष झोपत नाही का?" बाई म्हणाल्या. "हा अकरा महिने एक डोळा उघडा ठेवून झोपला जी. याले दोन्ही मिटायचे आहेत."

मालकानं त्याच दिवशी नवी कडी बसवली, लांब स्क्रूची. प्रत्येक माणूस निवाऱ्यातून खोलीत जाताना बाई हे करत. कुलूप चोरासाठी असतं, कडी आतल्या माणसासाठी, असं त्यांचं म्हणणं. आणि अनुदानाच्या कागदात या सगळ्यासाठी काहीच नव्हतं. "चादरीले पैसे आहेत, रंगाले आहेत, बोर्डाले आहेत. कडीले नाहीत." म्हणजे माणूस ठेवण्यासाठी पैसे होते, माणूस सुटण्यासाठी नव्हते. तरी बाईंच्या चाळीस खाटांवरून एकेक जण उठून आपल्या खोलीत गेला. कुणी बेसाला, कुणी कामठीला, एक कळमेश्वरच्या कारखान्यात लागला आणि तिथंच राहिला. मागं उरले सतरा, सगळे अवघड.

आणि नेमक्या त्याच वर्षी पत्र आलं.

सगळ्याच निवाऱ्यांना पैसे पुरणार नाहीत, तेव्हा तपासणी करून गुण देणार, वरच्यांना अनुदान मिळेल, खालचे बंद होतील. सर्वाधिक गुण भरलेल्या खाटांना. बाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि कुणाचा तरी शर्ट मागितला.

त्या दिवसांत त्यांनी तीन अर्ज केले. मजकूर तोच. गेलेला माणूस वर्षभर आपल्या खोलीत टिकला तर त्याचे गुण द्या, खोलीच्या डिपॉझिटसाठी थोडे पैसे वेगळे काढा, आणि जो निवारा आजारी माणसं घेतो त्याला आधी द्या. माझ्या मते यापेक्षा शहाणं असं त्या वर्षी कुणी काही लिहिलं नसेल. तिन्ही अर्जांवर पोच मिळाली. उत्तर एकालाही आलं नाही. तपासणीची तारीख जवळ येऊ लागली. बाई चहा ओतून घ्यायच्या आणि प्यायला विसरायच्या. मैनाबाईला काय कळलं कोण जाणे, ती दिवसाउजेडीही दाराशी जाऊन चपला बघू लागली. "इले दुसरीकडं नाही जमनार," बाई एकदाच म्हणाल्या, आणि दाताने दोरा तोडला.

मी पत्रक लिहिलं. दुसरं काय करणार? "खाट रिकामी, तर निवारा बंद" असा मथळा दिला. खाली अनुदानाची सगळी उलटी रीत समजावून सांगितली, तपासणीची तारीखही घातली. मजकूर मोठा झाला म्हणून दोन्ही बाजूंनी छापलं. एरवी मी छापण्याआधी बाईंना दाखवायचे. या वेळी नाही दाखवलं. त्या चार शब्द खोडतील आणि दोन दिवस जातील, असं वाटलं. मजूर कामासाठी उभे राहतात त्या ठिय्यावर वाटलं, लग्नाच्या हॉलवर वाटलं, कामठीच्या ऑटोंमध्ये वाटलं. लोक वाचत होते. मला फार वर्षांनी गाढ झोप लागली.

तपासणीच्या दिवशी सकाळी साडेनऊला मी निवाऱ्यात पोचले तर दारात चपलांचा ढीग. आत एक मैनाबाईची सोडून सगळ्या खाटांवर माणसं, पांघरुणं ओढून. मला आधी काही समजेना. मग देवराव दिसला. बेसाहून कामाचा खाडा करून आला होता आणि आपल्या जुन्या खाटेवर ताठ आडवा पडला होता, बूटसुद्धा न काढता. पलीकडं कळमेश्वरचा. पाळी सोडून आला होता. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. पत्रक वाचून जो तो निघाला होता.

दाराशी मैनाबाई खाली बसून ढिगातल्या चपला एकेक उपसत होती. तपकिरी जोड त्यात कुठंतरी गाडला गेला होता. तोंडानं एकसारखं चालू होतं, "बाई गेली, बाई गेली."

बाई दहाला आल्या. रस्त्यात काम चालू असल्यानं ऑटो अडकला होता. त्यांनी एकदा खाटांकडं पाहिलं, एकदा मैनाबाईकडं, आणि आधी खाली बसून चपला शोधल्या. जोड सापडला तो मैनाबाईच्या हातात दिला, तिला तिच्या खाटेवर बसवलं. मग आत गेल्या.

"काहून आला गा देवराव?"

"पत्रकात वाचलं न बाई. खाट रिकामी दिसली की बंद. म्हटलं आपली खाट आपन भरू."

बाई काही बोलणार, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

तपासणीला आलेला अधिकारी तरुण होता, नम्र होता. हे मुद्दाम लिहिते, कारण मला तो उद्धट निघाला असता तर सोपं गेलं असतं. त्यानं चपला बाहेर काढल्या, बाईंना नमस्कार केला, हातातल्या टॅबवर प्रत्येक वर्गाचा फोटो घेतला. चौथ्या वर्गातून परत दाराजवळच्या वर्गात येताना त्याचा चेहरा उजळला होता. म्हणाला, सगळ्या खाटा भरलेल्या आहेत मॅडम, असं आम्हाला फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

खोलीत कुणी हललं नाही.  आणि मी, खरेपणाचे धडे छापून गावभर वाटणारी मी, भिंतीला टेकून मनात म्हणत होते, बाई, गप्प राहा. फक्त आज गप्प राहा.

बाईंच्या हातात तेव्हा सुई-दोरा होता. त्यांनी सुई आपल्या पदराला टोचून ठेवली.

"साहेब, याच्यातले माहे सतराच. बाकीचे पाहुने आहेत."

"पाहुणे म्हणजे?"

"आधी इथं राह्यत होते. आता आपापल्या खोलीत राह्यते. मी त्याइले नाही बोलावलं. पन ते आले, त त्याइले खोटं पडू देनार नाही." मग खाटांकडं वळून म्हणाल्या, "चाव्या दाखवा गा."

 मग देवरावनं झोपल्या झोपल्याच हात वर केला. त्याच्या बोटांत चावी होती. नंतर एकेक हात वर आला. कुणी करदोट्याची चावी सोडवली, कुणी मोबाइलच्या कव्हरातून काढली, एकाची गळ्यातल्या दोऱ्यात होती ती त्यानं मान पुढं करून दाखवली.  अधिकाऱ्यानं ते सगळं बघितलं. त्याला समजलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यानं टॅबवर बोट खाली नेलं, वर नेलं, परत खाली नेलं.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "चाव्यांसाठी रकाना नाही."

"मंग शेऱ्यात लिहा."

"शेऱ्यात शंभरच अक्षरं बसतात."

"लिहा न जी. शंभर अक्षरांत लय बसते."

त्यानं काहीतरी लिहिलं. काय ते आम्हाला पुढं पत्रात वाचायला मिळालं: "तपासणीच्या दिवशी बाहेरील व्यक्ती खाटांवर आढळल्या." अक्षर न् अक्षर खरं.

गाडी गेल्यावर माणसं उठली. खाली मान घालून आपापल्या चपला शोधू लागली. देवरावला रडू येत होतं. बाईंनी त्याला हाताला धरून बसवलं आणि चादरीला बुटाची माती लागली म्हणून त्यालाच ती धुवायला लावली. त्या दिवसभरात त्याच्यावर तेवढाच एक उपकार करता येण्यासारखा होता.

मी कोपऱ्यात होते. बाई माझ्याकडं आल्या, कुणाच्या तरी खिशातलं माझं पत्रक मागून घेतलं, चष्मा चढवला, वाचलं, उलटवलं. मागची बाजूही वाचली.

"दोन्ही बाजूनं छापलं काय वं?"

मी म्हटलं, बाई, हे सगळं माझ्यामुळं झालं.

"याच्यात खोटं काय आहे?"

"काहीच नाही."

"मंग. खरंच लिहिलं तू. पन वाचून मानूस काय करन, हे पाहा लागते." त्यांनी चष्मा उतरवून दोरीवर सोडला. "मलेही नाही जमलं. तीन अर्ज केले. वाचनारा काय करन हे म्या कुठं पाह्यलं?"

त्या रागावल्या असत्या तर मी बाबांसारखी वाद घालू शकले असते. त्या रागावल्या नाहीत. कोरी जागा नाही म्हणून पत्रकाची चौघडी करून त्यांनी डुगडुगणाऱ्या खाटेच्या पायाखाली सारली.

नंतरचे पाच आठवडे नुसती वाट पाहणं. फोन वाजला की बाई आधी पदर सावरायच्या, मग उचलायच्या. मग पत्र आलं. निवारा महिनाअखेर बंद. सतरा मुक्कामी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या निवाऱ्यात हलवावेत. तो यादीत पहिला आला होता, सगळ्या खाटा भरलेल्या म्हणून. म्हणजे जिथं एकही खाट रिकामी नाही, ती जागा सगळ्यात चांगली ठरली, आणि म्हणूनच आमची माणसं तिथं पाठवायची. मी विचारलं, झोपतील कुठं? चटया देणार होते.

त्या महिन्यात बाईंनी जे केलं ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. रोज सकाळी एकेका मुक्कामीला घेऊन निघायच्या आणि खोल्या बघत फिरायच्या. नऊ जणांची सोय लागली. नऊ ठिकाणी त्यांनी बाहेरून खांदा मारला. एका दाराला इतका मारला की दंडावर काळं-निळं झालं. देवराव दोघांना आपल्या खोलीवर न्यायला तयार होता. बाईंनी त्याला नाही म्हटलं. नियम म्हणजे नियम. गरिबाचा भार गरिबाच्याच डोक्यावर टाकायचा नाही.

सात जण दुसऱ्या निवाऱ्यात गेले. बाई स्वतः पोचवायला गेल्या, प्रत्येकाच्या गोळ्यांचा कागद तिथल्या माणसाच्या हातात दिला. मैनाबाईलाही नेलं होतं. तिथं चपला ठेवायला आत कपाट होतं, दारं असलेलं. स्वच्छ, नीटनेटकं. मैनाबाई उंबऱ्याशी गेली, वाकून पाहिलं, जमीन रिकामी. ती आत गेली नाही. दोन तास उभी राहिली. बाई तिला परत घेऊन आल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी खाटा न्यायला टेम्पो आला. भिंतींवर सुतळीचे तुकडे राहिले होते. मी माझी उलटी टांगलेली पत्रकं गोळा केली. बाईंनी सही केली, खोल्यांच्या किल्ल्या दिल्या, आणि मैनाबाईची पिशवी उचलली. मी न विचारता समजले. तरी विचारलं, कुठं?

"कामठीले."

"तुमच्या घरी? सुनेला विचारलं का?"

"इचारलं नाही. सांगितलं."

बाईंचं घर म्हणजे दीड खोली. मुलगा, सून, नातू. मी नियमाचं काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. चौकापर्यंत आम्ही तिघी चालत गेलो आणि एवढ्या वेळात बाईंनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. ज्या बाईनं मला सरकारच्या कामाची आणि आपल्या कामाची रेघ आखून दिली होती, तीच आता ती रेघ ओलांडून निघाली होती, आणि तिच्याइतकं ते कुणालाच बोचत नव्हतं.

शेअर ऑटो भरत आला होता. मागच्या बाकावर उघड्या बाजूची दीड माणसाची जागा राहिली होती. बाईंनी मैनाबाईला आधी चढवलं. मग मैनाबाई आत सरकेना, तिला बाहेरचं दिसायला हवं होतं, म्हणून बाई तिला ओलांडून पलीकडं बसल्या. ड्रायव्हरनं किक मारली. तेव्हा बाईंनी वाकून माझ्याकडं पाहिलं.

"लिहिशीन तू. मले मालूम आहे. लिही. पन हे चांगलं झालं, असं लिहू नोको."

ऑटो हलला. मैनाबाईच्या मांडीवर तपकिरी चपला होत्या, दोन्ही हातांनी घट्ट धरलेल्या. आणि ती रस्त्यावर पडू नये म्हणून बाईंचा हात तिच्यापुढून बाजूच्या दांडीपर्यंत आडवा गेला होता, आतून कडी लावावी तसा.